तुमच्या गावाची दीक्षा कोणत्या तारखेला झाली?

प्रति,
गावोगावच्या आणि वस्त्यावस्त्यांमधल्या बुद्धविहारांच्या पंच कमिट्या, महिला मंडळं आणि तरुण मंडळं

सविनय जय भीम.

14 ऑक्टोबर 1956 ही तारीख आपल्या घरातलं शाळकरी पोर झोपेतून उठवलं तरी सांगतं. अशोक विजयादशमी, नागपूर, पांढरी वस्त्रं, भदंत चंद्रमणी महास्थविर, बावीस प्रतिज्ञा, सगळं पाठ. पण तुमच्या स्वतःच्या गावाची दीक्षा कधी झाली, कुठल्या जागेवर झाली, कुणी दिली, असं विचारलं तर? शिक्षिकेच्या नोकरीत बदल्या झाल्या म्हणून आणि पुढे नात्यातल्या मंगल परिणयांना जावं लागलं म्हणून विदर्भ-मराठवाड्यातले पुष्कळ विहार मी पाहिले. हा प्रश्न मी सगळीकडे विचारत आले. लोक एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "आमच्या आज्याला माहीत होतं ते."

तो आजा आता नाही, आणि त्याच्या बरोबरीचं माणूसही वस्तीत क्वचितच उरलं आहे. दीक्षेच्या वेळी जे मूल दहा वर्षांचं होतं ते 2026 मध्ये ऐंशीचं आहे. ज्यांनी स्वतः निर्णय घेतला, देव्हाऱ्यातले देव उचलले, गावकीचं म्हणजे जातीमुळे लादलेलं गावचाकरीचं काम नाकारलं, ती माणसं तेव्हाच पंचविशी-तिशीत होती. त्यांतली किती उरली असतील, याचा हिशेब आपल्या आपल्या वस्तीत करून पाहा.

माझं मागणं आधीच सांगते. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आपल्या विहारांत संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. त्यातली आठवड्याची एक संध्याकाळ वस्तीतल्या वयोवृद्धांच्या बोलण्यासाठी राखून ठेवा. ते बोलणं रेकॉर्ड करा, लिहून काढा, आणि आपल्या विहाराचा, आपल्या गावाच्या धम्मदीक्षेचा इतिहास आपणच तयार करा. दुसरं कुणी तो करणार नाही. ज्यांना करता आला असता त्यांनी सत्तर वर्षांत केलेला नाही.

धर्मांतर नागपूरला झालं, असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे. जनगणनेचे आकडे पाहिले की चित्र बदलतं. 1951 मध्ये देशात बौद्ध होते सुमारे 1 लाख 80 हजार, तेही बहुतेक बंगाल, ईशान्येकडचा भाग आणि हिमालयाच्या बाजूचे. 1961 मध्ये हा आकडा साडेबत्तीस लाखांवर गेला. त्यातले जवळजवळ 27 लाख 90 हजार एकट्या महाराष्ट्रात. नागपूरच्या मैदानावर किती माणसं होती याबद्दल तीन लाखांपासून सहा लाखांपर्यंत अंदाज सांगितले जातात. सगळ्यात मोठा अंदाज धरला तरी महाराष्ट्रातली वीस लाखांहून जास्त माणसं त्या मैदानावर नव्हती. ती कुठे बौद्ध झाली?

काही चंद्रपूरला, 16 ऑक्टोबरला. मुंबईत डिसेंबरच्या मध्यावर बाबासाहेबांच्या हस्ते मोठा समारंभ व्हायचा होता, पण त्याआधीच 6 डिसेंबर उजाडला आणि बाबासाहेब गेले. 7 तारखेला दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांनी अफाट जनसमुदायाला दीक्षा दिली. ज्या माणसाच्या हातून दीक्षा घ्यायची होती त्याच्याच अंत्यविधीला आलेले लोक बौद्ध होऊन घरी परतले. हे वाक्य लिहितानाही माझा हात थांबतो.

आणि उरलेले लाखो? ते तुमच्या-माझ्या गावात बौद्ध झाले. चावडीमागच्या मोकळ्या जागेत, शाळेच्या पटांगणात, नदीकाठी, तक्क्यात म्हणजे वस्तीच्या सामाईक बैठकीच्या जागेत. दीक्षा देणारा बहुतेक ठिकाणी भिक्खू नव्हता, कारण तेवढे भिक्खू या मुलखात नव्हतेच. 15 ऑक्टोबरच्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येक बौद्धाला दीक्षा देण्याचा अधिकार आहे असं जाहीर करून टाकलं होतं. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः, एका गृहस्थाने, समोरच्या लाखोंना त्रिशरण-पंचशील, म्हणजे बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाण्याचं वचन आणि पाच शीलं, दिलं होतं. तोच धडा पुढे गावोगाव गिरवला गेला. शाळामास्तरांनी, गिरणीतून रजेवर आलेल्या कामगारांनी, रेल्वेतल्या गँगमननी, बाबासाहेबांच्या समता सैनिक दलाच्या तरुणांनी, त्यांच्याच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाच्या तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी दीक्षा दिली. सामान्य माणसांनी सामान्य माणसांना दिलेली एवढी मोठी दीक्षा जगात दुसरीकडे कुठे झाल्याचं मी वाचलेलं नाही. पण तिचं एकत्र दफ्तर नाही. नागपूरचा दिवस ग्रंथांत आहे, फोटोंत आहे, आणि बाकीचे शेकडो दिवस म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहेत.

तारीख सापडत नाही म्हणून कुणी थांबू नये. ती शोधता येते. माझी आई तेव्हा बारा वर्षांची होती. तिला तारीख आठवत नाही, महिनाही आठवत नाही. पण ज्वारीचं खळं चालू होतं हे पक्कं आठवतं, कारण गावकीच्या कामाबद्दल मिळणारी हक्काची पेंढी आणायला खळ्यावर जायचं आजोबांनी त्या वर्षी नाकारलं आणि खायचं काय यावरून घरात मोठं भांडण झालं. आमच्या भागात खळं म्हणजे डिसेंबर-जानेवारी. वस्तीतल्या एका काकांना आठवतं की बाबासाहेब गेल्यानंतर सुतक पाळायचं की नाही यावर पंचांत वाद चालला होता, आणि तो मिटायच्या आत दीक्षेचं ठरलं. दोघांचं जुळवलं की डिसेंबर 1956 चा उत्तरार्ध निघतो. अशी दोन-तीन माणसं एकत्र बसवली की एक दुसऱ्याची आठवण दुरुस्त करतो, तिसरा त्यात भर घालतो. गावात बसून असा इतिहास आपल्याला लिहिता येतो. त्यासाठी पदवी लागत नाही.

ऐकून लिहून ठेवण्याचं मोल आपल्याच इतिहासात दिसतं. नालंदा उद्ध्वस्त झालं हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यानंतर तिथे काय उरलं होतं हे कळतं ते धर्मस्वामी नावाच्या एका तिबेटी भिक्खूमुळे. 1234 ते 1236 या काळात तो बिहारच्या भागात होता. पडझड झालेल्या विहारांत, नव्वदी ओलांडलेले आचार्य राहुल श्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना अजूनही शिकवत होते, हे त्याने पाहिलं. परत गेल्यावर त्याने ते सांगितलं आणि एका उपासकाने लिहून घेतलं. त्या उपासकाने आळस केला असता तर नालंदाच्या अखेरच्या काळाचं हे चित्र आपल्यापर्यंत आलं नसतं.

आपला सह्याद्री तर अशा नावांनी भरलेला आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचं दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केलं, हे दोन हजार वर्षांनंतर आपल्याला माहीत आहे, कारण ते तिथे कोरलेलं आहे. नाशिकच्या लेण्यांमधलं एक लेणं मुगुदास नावाच्या कोळ्याने दान दिलं. तिथे राजे आहेत, राण्या आहेत, श्रेष्ठी आहेत, आणि त्यांच्याच ओळीत सुतार आणि कोळीही आहे. आता आपल्या विहारांकडे बघा. दाराशी संगमरवराचा फलक असतो, त्यावर निधीचा आकडा आणि लोकप्रतिनिधींची नावं असतात. निधी मिळाला, चांगलं झालं. पण विहाराची जागा मुळात कुणी सोडली, पहिली कुडाची भिंत कुणी लिंपली, बुद्धमूर्तीसाठी कुणाच्या हातातल्या पाटल्या मोडल्या, हे त्या फलकावर नसतं. ती माणसं फलक लागायच्या कितीतरी आधी होती.

भारतात बुद्धधम्म परत आला त्याची सुरुवात 1956 च्या बरीच आधीची आहे. आपल्या मुलांना यातलं फार थोडं माहीत असतं. अनागारिक धर्मपाल 1891 मध्ये बुद्धगयेला आले आणि त्याच वर्षी महाबोधी सोसायटी उभी राहिली. पुढच्याच वर्षी चितगावच्या बडुआ समाजातल्या कृपाशरण महास्थविरांनी कलकत्त्यात बौद्ध धर्मांकुर सभा काढली. लखनौला भदंत बोधानंद होते. पण मला सगळ्यात जवळचे वाटतात ते मद्रासचे पंडित अयोतीदास. 1898 मध्ये त्यांनी शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. तमिळ मुलखात अस्पृश्य मानला गेलेला परैयर समाज मुळात बौद्ध होता आणि त्यासाठीच त्याला खाली ढकललं गेलं, ही मांडणी त्यांनी बाबासाहेबांच्या कितीतरी आधी केली. 1907 पासून ते एक पैसा किमतीचं तमिळ साप्ताहिक चालवत होते. कोलारच्या सोन्याच्या खाणीत राबणाऱ्या मजुरांमध्ये त्यांच्या संघाच्या शाखा होत्या, समुद्रापलीकडे रंगूनमध्येही होत्या. 1914 मध्ये ते गेले, आणि काही दशकांत त्यांचं नाव त्यांच्याच प्रांतात बहुतेकांच्या विस्मरणात गेलं. 1999 मध्ये त्यांचं लेखन संकलित होऊन पुन्हा लोकांसमोर आलं. ते शक्य झालं, कारण अन्बू पोन्नोवियम यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्या साप्ताहिकाचे पिवळे पडलेले अंक आयुष्यभर सांभाळले होते. त्याच मद्रासच्या वर्तुळातले प्रा. पी. लक्ष्मी नरसू. त्यांच्या बुद्धधम्मावरच्या इंग्रजी ग्रंथाची नवी आवृत्ती बाबासाहेबांनी 1948 मध्ये स्वतः प्रस्तावना लिहून काढली. म्हणजे मद्रास आणि मुंबई यांच्यातला धागा एका जपून ठेवलेल्या पुस्तकातून पुढे आला.

आपल्या मराठीतही बघा. केळुसकर गुरुजींनी मॅट्रिक झालेल्या भीमरावाला 1907 मध्ये स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुस्तक छापलेलं होतं म्हणून ते देता आलं. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात 1899 मध्ये घराबाहेर पडले, नेपाळपर्यंत गेले, 1902 मध्ये सिलोनला पोचून पाली शिकले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली, परळला कामगारांच्या वस्तीत बहुजन विहार उभारला. त्यांची ती वणवण आपल्याला इतक्या बारकाईने माहीत आहे, कारण त्यांनी ती स्वतः मराठीत लिहून ठेवली. कोसंबींना लिहिता येत होतं. आपल्या आज्या-पणज्यांना येत नव्हतं. त्यांना अक्षर मिळू दिलं गेलं नव्हतं, म्हणून त्यांच्या बोलण्याला आता आपलं अक्षर मिळालं पाहिजे.

हे काम होऊ शकतं याचा पुरावा आपल्याकडे आहे. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार या दोघींनी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्या घरी बसून, त्यांना बोलतं केलं. त्यातून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 मध्ये आलं. ते आलं नसतं तर किती बायकांची नावं नुसती 'महिलांचीही उपस्थिती लक्षणीय होती' या ओळीत विरून गेली असती! आणि नागपूरच्या दीक्षा समारंभाची व्यवस्था ज्यांनी खांद्यावर घेतली होती त्या वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपून नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात ठेवल्या. दोन्ही कामं करणारे लोक आपल्यातलेच.

आता काय विचारायचं ते सांगते, कारण माझ्या अनुभवात काम इथेच अडतं. आजीसमोर मोबाइल धरून नातू म्हणतो, "आजी, बाबासाहेबांविषयी दोन शब्द सांग." आजी गांगरते आणि भाषणात ऐकलेलीच वाक्यं परत म्हणून दाखवते. तिला बाबासाहेबांविषयी विचारूच नका, ते ग्रंथांत आहे. तिला तिच्याविषयी विचारा. दीक्षेची बातमी घरात कुणी आणली? नागपूरला जायला पैसे कुठून आले, काय विकलं, काय गहाण ठेवलं? पांढरं लुगडं कुठून मिळालं? घरातले देव कुणी उचलले आणि कुठे टाकले, विहिरीत, नदीत, की गाठोडं बांधून माळ्यावर ठेवले? सासू काय म्हणाली? दुसऱ्या दिवशी गावात काय झालं? मेलेलं ढोर ओढायला येणार नाही असं पाटलाला सांगायला कोण गेलं? किराणा दुकान बंद झालं का, विहिरीवर अडवलं का, मजुरी किती दिवस बंद राहिली, तेवढे दिवस चूल कशी पेटली? वतनाच्या जमिनीचं काय झालं? त्रिशरण पहिल्यांदा म्हणायला कुणी शिकवलं, आणि त्या पालीच्या ओळी अक्षर न येणाऱ्या माणसांच्या तोंडात कशा बसल्या? बौद्ध पद्धतीने पहिलं लग्न कुणाचं लागलं, आणि मुलीकडच्यांना ते लग्न 'लागलं' असं वाटलं का?

एकेका प्रश्नावर एक संध्याकाळ जाईल. जाऊ द्या.

बोलण्याबरोबर कागदही गोळा करायचे आहेत. पंच कमिटीची जुनी वर्गणी वही सापडली तर ती सोन्याच्या मोलाची. कुणी आठ आणे दिले, कुणी पायली ज्वारी दिली, कोण त्या वर्षी देऊ शकलं नाही, सगळं तिथे असतं. गायन पार्टीच्या वह्यांत लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी असतील, आणि कुठल्यातरी पानावर तुमच्याच गावच्या कुणा अनाम शाहिराचं गाणं असेल जे दुसऱ्या कुठेच नाही. बाबासाहेबांचं 'जनता' आणि पुढचं 'प्रबुद्ध भारत' या पत्रांचे अंक, मुंबईच्या चाळीतून गावी आलेली पत्रं, मनिऑर्डरीच्या पावत्या, 1961 नंतरचे शाळेचे दाखले, यातलं काहीही टाकू नका. त्या दाखल्यांकडे विशेष लक्ष द्या. एकाच घरात थोरल्या भावाच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आणि धाकट्याच्या दाखल्यावर 'बौद्ध' असतं. त्यामागे किती रात्रीची चर्चा असते! बौद्ध लिहिलं तर केंद्राच्या सवलती जात होत्या. 1990 मध्ये संसदेने दुरुस्ती केली तेव्हा कुठे बौद्धांना अनुसूचित जातींचे हक्क मिळाले. मधली चौतीस वर्षं लोकांनी धम्म आणि पोराची शिष्यवृत्ती यांच्यात कसकशी निवड केली, हे जाहीर भाषणांत येत नाही. ते दाखल्यांवर आहे आणि आईबापांच्या आठवणीत आहे.

एका तालुक्याच्या गावी जुना पत्र्याचा विहार पाडून स्लॅबचा बांधला. कमिटीतल्या सगळ्यांनी घाम गाळला, वास्तू देखणी झाली. पण जुन्या विहारातली लोखंडी पेटी, तिच्यातल्या वह्या आणि चौकटीतले फोटो मातीच्या ढिगाऱ्याबरोबर गेले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. ते कागद म्हणजे काही आहे, असं कुणालाच वाटलं नाही. बांधकामाला सुरुवात करण्याआधी पेटी उघडून पाहायची, एवढा नियम प्रत्येक कमिटीने केला तरी पुष्कळ वाचेल.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. ऐकलेलं धुऊनपुसून लिहू नका. आपल्याला वाटतं, सगळं गाव एका दिवसात निश्चयाने बौद्ध झालं, असं असलं पाहिजे. तसं सगळीकडे झालं नाही. कुठे अर्धी वस्ती आली आणि अर्धी दोन वर्षांनी आली. कुठे पुरुषांनी दीक्षा घेतली आणि बायकांनी मरीआईचा नैवेद्य गुपचूप चालू ठेवला, कारण पोर आजारी पडलं तर जबाबदारी त्यांच्यावर होती. विदर्भात बावणे, लाडवण, कोसरे ही पोटजातींची भिंत दीक्षेनंतर लगेच पडली नाही, सोयरिकी जुळायला पुढची पिढी यावी लागली. रिपब्लिकन पक्ष 1957 मध्ये झाला आणि त्याच्या फुटीबरोबर विहारांतही दोन सतरंज्या पडल्या, हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे. ज्यांनी दीक्षा घेतलीच नाही, त्यांनी का घेतली नाही, तेही विचारा आणि आदराने लिहा. ज्यांच्या पायाखाली जमीन नव्हती, ज्यांचं उद्याचं जेवण गावावर अवलंबून होतं, त्यांनी भीत भीत, अडखळत, भांडत हे पाऊल टाकलं, त्यातच त्यांचं मोठेपण आहे. ते घाबरलेच नव्हते असं आपण लिहिलं तर त्यांच्या धाडसाची किंमतच आपण कमी करतो.

तितकंच जपायचं दुसरं. बोलता बोलता मारहाणीच्या, बहिष्काराच्या, बाईवरच्या अत्याचाराच्या गोष्टी निघतील. सांगणारी व्यक्ती थांबली तर आग्रह करू नका. नावानिशी सांगितलं तर नावानिशी लिहून ठेवा, पण घरच्यांच्या संमतीशिवाय ते पान बाहेर काढू नका. त्या घरांची नातवंडं आज त्याच गावात, कदाचित त्याच गल्लीत राहतात. जतन करणं आणि प्रसिद्ध करणं ही दोन वेगळी कामं आहेत. घाई पहिल्याची करायची आहे.

रेकॉर्डिंग साध्या मोबाइलवर होतं. विहारात पंखा आणि लाउडस्पीकर बंद ठेवा. म्हाताऱ्या माणसाला ऐकू कमी येतं, म्हणून प्रश्न विचारणारा समोर, जवळ बसू द्या, शक्यतो तो ओळखीचा असावा. सुरुवातीला सांगणाऱ्याचं नाव, वय, माहेर-सासर, गाव, तालुका आणि आजची तारीख बोलून घ्या. त्यावर संगीत चढवून रील करायचा मोह तरुणांना होईल. करा, पण मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं वेगळं ठेवा. एका माणसाच्या फोनमध्ये ठेवलेली गोष्ट फोन बदलला की जाते, म्हणून प्रती तीन ठिकाणी ठेवा, एक कमिटीकडे, एक त्या कुटुंबाकडे, एक तालुक्याबाहेर. विद्यापीठांचे पाली आणि आंबेडकर विचारधारा विभाग आहेत, पुण्याला बार्टी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे लेखी अर्ज करून प्रत द्या आणि पोच घ्या. लिहून काढताना आजीची भाषा शुद्ध करू नका. ती वऱ्हाडीत बोलली तर वऱ्हाडीतच उतरवा, खानदेशी असेल तर तशीच.

भारतीय बौद्ध महासभेच्या शाखांना वेगळी विनंती. 1955 मध्ये बाबासाहेबांनी ही संस्था स्थापन केली. बौद्ध पद्धतीने लग्न आणि इतर संस्कार करणाऱ्या गावोगावच्या बौद्धाचार्यांच्या वह्यांत विवाहांच्या, नामकरणांच्या जुन्या नोंदी असतात. ज्येष्ठ बौद्धाचार्यांच्या घरी जाऊन त्या वह्यांचे फोटो काढून घ्या. श्रामणेर शिबिरांत, म्हणजे थोडे दिवस भिक्खूंसारखं राहण्याच्या शिबिरांत, आणि बौद्धाचार्य प्रशिक्षणात एक तास गावाच्या इतिहासाला द्या. शिबिरातून परतलेल्या प्रत्येक मुलाने आपल्या वस्तीतल्या एका वृद्धाशी बोलून चार पानं लिहून आणायची, एवढं ठरलं तरी एका वर्षात जिल्ह्याचं दफ्तर उभं राहील.

महिला मंडळांवर माझी सगळ्यात जास्त भिस्त आहे. पौर्णिमेच्या वंदनेला विहारात येतं कोण? बहुतेक बायकाच. वर्षावासात वाचन करतात त्याही आणि ऐकतात त्याही. म्हातारीला बोलतं करायचं तर ते पुरुष कार्यकर्त्याच्या हातून होत नाही. तो पाच मिनिटांत स्वतःच बोलायला लागतो. तुम्ही शेंगा निवडत, वाती वळत बसलात तर तीच म्हातारी तीन तास बोलेल.

कमिट्यांनी पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्यावा. ठराव छोटा पुरे. वर्षावासातली आठवड्याची एक संध्याकाळ आठवणींसाठी, त्याची जबाबदारी दोन तरुण आणि दोन महिलांवर, आणि विहारातली जुनी पेटी सगळ्यांसमोर उघडून कागदांची यादी. सुरुवात कुणापासून करायची यावर चर्चा करत बसू नका. वस्तीत सगळ्यात वयस्क कोण, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्याकडे याच आठवड्यात जा. त्यांच्यासाठी वर्षावासाची वाट पाहू नका.

नमो बुद्धाय. जय भीम.

आपली,
एक उपासिका, निवृत्त शिक्षिका